ऐनावरचा कोसा आणि चौथीचा पहिला पाठ

पूर्व विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, साधारणपणे जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, आणि त्याच सुमारास या प्रदेशातील तीन प्राण्यांच्या आयुष्यात मोठी उलथापालथ सुरू झालेली असते. हिवाळ्यापासून कोशात निपचित पडून राहिलेला टसर रेशमाचा पतंग बाहेर येतो. मातीत उन्हाळा काढलेले बेडूक पहिल्या दमदार पावसानंतर बोडीच्या (लहान तळ्याच्या) आणि बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) पाण्यात जमून अंडी घालू लागतात. आणि धानाच्या पऱ्ह्यांवर, म्हणजे रोपांवर, खोडकिडीची पिवळसर मादी पानाच्या शेंड्याशी आपली अंडी चिकटवून जाते. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावात, म्हणजे चुलबंद आणि वैनगंगा या नद्यांच्या, तलावांच्या आणि धानाच्या मुलखात, या घटनांसाठी मुलाला फार लांब जावे लागत नाही. चौथीच्या ‘परिसर अभ्यास भाग १’ या पुस्तकाचा पहिला पाठही नेमका ‘प्राण्यांचा जीवनक्रम’ हाच आहे. निसर्गाचे आणि शाळेचे वेळापत्रक इतके जुळून येण्याचा योग क्वचितच येतो, आणि तो आलेला असताना मुलांना फळ्यावरच्या आकृतीकडे पाहत बसवणे हा करंटेपणाच म्हणावा लागेल.

पाठाच्या शीर्षकात ‘क्रम’ हा शब्द आहे. वर्गातील तोंडी भाषेत आणि भिंतीवरच्या तक्त्यांवर मात्र त्याची जागा ‘चक्र’ या शब्दाने घेतलेली आढळते. एक वर्तुळ, त्यावर अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू अशी चार चित्रे आणि त्यांना जोडणारे चार बाण ही आकृती इतकी परिचित आहे की तिच्यात काही दोष असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः ही आकृती तीन महत्त्वाच्या गोष्टी झाकून टाकते. चारही अवस्थांना ती वर्तुळाचा सारखाच भाग देते, म्हणजे काळ लपवते; घातलेल्या प्रत्येक अंड्याचे फुलपाखरू होतेच असे ती सुचवते, म्हणजे मृत्यू लपवते; आणि चौथा बाण ती पहिल्या तीन बाणांसारखाच काढते. हा तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आणि मुलांच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे, कारण अंड्याकडून अळीकडे, अळीकडून कोशाकडे आणि कोशाकडून पाखराकडे जाणारे बाण एकाच जीवाच्या दोन वयांना जोडतात, तर पाखराकडून अंड्याकडे जाणारा बाण आई आणि अपत्य अशा दोन वेगळ्या जीवांना जोडतो. तेच फुलपाखरू पुन्हा अंडे होते असा समज एखाद्या मुलाने करून घेतला, तर तो मुलाचा दोष नसून बाणाचा आहे.

परिभाषा आधी स्पष्ट करून घेतलेली बरी. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू आणि प्रौढ प्राणी यांच्या शरीररचनेत मूलभूत फरक असेल आणि तो फरक वाढीच्या ओघात ठरावीक टप्प्यांनी भरून निघत असेल, तर त्या बदलाला रूपांतरण म्हणतात. कोंबडीच्या किंवा शेळीच्या पिलात हा प्रकार नाही; तेथे केवळ वाढ आहे. कीटकांमध्ये रूपांतरणाचे दोन मुख्य प्रकार आढळतात. नाकतोडा, झुरळ आणि चतुर यांच्या आयुष्यात कोशावस्था नसते. पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते आणि शेवटच्या कातीनंतर त्याला पूर्ण पंख येतात, म्हणून त्यास अपूर्ण रूपांतरण अशी संज्ञा आहे. फुलपाखरू, पतंग, माशी, भुंगेरा, मधमाशी आणि डास यांच्यात अळी व प्रौढ यांच्यामध्ये कोशावस्था येते, त्या अवस्थेत अळीच्या शरीरातील बऱ्याच ऊती विरघळून नव्याने घडतात, आणि त्यास पूर्ण रूपांतरण म्हणतात. ‘अपूर्ण’ या शब्दामुळे नाकतोड्यात काही उणे राहिले आहे असे मुलांना वाटण्याचा संभव असतो. तसे ते नाही, हे सांगून टाकावे.

हे सारे आज साधे वाटत असले तरी माणसाला ते उशिरा उमगले. पहिल्या पावसानंतर एका रात्रीत बांधी बेडकांनी भरून जाते तेव्हा ते चिखलातूनच उपजले असावेत असा तर्क दिघोरीच्या बालकाने केला, तर युरोपातील विद्वानांनीही शतकानुशतके तोच केला होता. इटलीतील फ्रान्चेस्को रेदी याने १६६८ मध्ये मांसाचे तुकडे काही उघड्या आणि काही कापडाने झाकलेल्या भांड्यांत ठेवून दाखवले की माशी जेथे बसू शकते तेथेच अळ्या होतात. त्याच काळात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे मारिया सिबिला मेरियन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने, १६६० मध्ये, रेशीमअळ्या पाळून त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. पुढे १६७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की अळी, कोश आणि पाखरू यांच्याबरोबरच ती अळी ज्या वनस्पतीवर जगते ती वनस्पतीही त्याच चित्रात असे. झाडाविना अळी काढायची नाही हा तिचा दंडक आजचे तक्ते पाळत नाहीत, आणि त्यामुळे तक्त्यावरची अळी कोणत्याच गावची नसते.

भंडारा जिल्ह्याची अळी मात्र ठरलेल्या झाडावरची आहे. ते झाड ऐनाचे किंवा अर्जुनाचे असते आणि अळी टसर रेशमाची, शास्त्रीय नावाने अँथेरिया मायलिट्टा. तुतीवर वाढणारी रेशीमअळी हजारो वर्षांच्या पाळण्यामुळे पूर्णपणे माणसावर अवलंबून झाली असून तिच्या पतंगाला धड उडताही येत नाही; टसरची अळी अजूनही अर्धी रानटीच आहे, ती उघड्या झाडावर वाढते आणि तिचा नर पतंग रात्री दूरवर उडत जाऊन मादीला शोधून काढतो. टसरचे जे स्थानिक वाण शास्त्रज्ञांनी नोंदले आहेत त्यांतील एकाचे नावच ‘भंडारा’ असे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतच महाराष्ट्राची टसर कोषशेती एकवटलेली आहे, ती परंपरेने मुख्यतः ढिवर समाजाच्या हातात राहिली आहे, आणि तिच्या धाग्यापासून मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावांत कोशाचे कापड विणले जात आले आहे. तुती, टसर, एरी आणि मुगा ही चारही व्यापारी रेशमे पिकवणारा भारत हा जगातील एकमेव देश आहे, हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत असते. चौथीच्या मुलाला त्याहून अधिक उपयोगाची गोष्ट अशी, की त्यातले एक रेशीम त्याच्याच जिल्ह्यातील ऐनावर तयार होते.

टसरचा जीवनक्रम सांगायचा तर तो दिनदर्शिकेसहच सांगावा लागतो. पावसाच्या आरंभी कोशातून निघालेली मादी मीलनानंतर साधारणपणे दीडशे ते अडीचशे अंडी घालते. एका मादीच्या अशा अंड्यांना रेशीम व्यवसायात ‘अंडीपुंज’ म्हणतात. आठ-दहा दिवसांनी बारीक अळ्या बाहेर पडतात आणि आपल्याच अंड्याच्या कवचाचा पहिला घास घेऊन कोवळ्या पानांकडे वळतात. कातडी ताणण्याला मर्यादा असल्याने अळीला चार वेळा कात टाकावी लागते, म्हणून अळीची वये पाच. पहिल्या वयात ती पिवळसर तपकिरी असते आणि पहिल्या कातीनंतर पानासारखी हिरवी होते. पाचव्या वयात तिचा आकार मोठ्या माणसाच्या बोटाहून मोठा झालेला असतो आणि जन्माच्या वेळचे वजन हजारो पटींनी वाढलेले असते. पावसाळी पिकात अळीचे हे आयुष्य सुमारे एका महिन्यात आटोपते, थंडीत ते बरेच लांबते. त्यानंतर अळी खाणे थांबवते, खालच्या ओठापाशी उघडणाऱ्या ग्रंथीतून रेशमाचा द्रव सोडत डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलवू लागते, आणि प्रथम फांदीभोवती एक कडे व त्याला जोडलेला मजबूत देठ विणून मगच त्याखाली कोसा बांधते. पान गळाले तरी कोसा गळू नये अशी ती व्यवस्था आहे. तुतीच्या कोशाला असा देठ नसतो.

एका वर्षात या अळीची दोन-तीन पिके निघतात, आणि शेवटचे पीक हिवाळ्यात निघते. पावसाळी पिकाच्या कोशातून पतंग काही आठवड्यांतच बाहेर पडतो. हिवाळ्यातील कोशातला जीव मात्र पाच-सहा महिने बाहेर येत नाही. उन्हाळ्यात ऐनाची पानगळ होते, कोवळी पालवी नसते, आणि तेव्हा जन्मलेल्या अळीला उपासमार अटळ असते, म्हणून कोशातील विकास मधेच थांबतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत थांबलेलाच राहतो. या थांबण्याला शास्त्रात निरुद्धावस्था म्हणतात. एकाच प्राण्याची एकच अवस्था ऋतूनुसार महिन्याभराची किंवा सहा महिन्यांची होऊ शकते, ही गोष्ट वर्तुळाकार आकृतीत दाखवण्याची सोयच नाही. बारा महिन्यांच्या पट्टीवर ती चौथीतले मूल रंगीत खडूने सहज दाखवू शकेल. पट्टीवर एप्रिल-मेचा रकाना आला की शाळेच्या सुट्टीचा आणि कोशाच्या झोपेचा काळ एकच असल्याचे त्याच्या ध्यानात येईल, आणि ही नोंद शिक्षकाने सांगण्यापेक्षा मुलानेच हेरली तर चांगले.

बाहेर पडलेल्या पतंगाला तोंडाचे अवयव जवळजवळ नसतात. तो काहीही खात नाही, अळीने साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगतो, आणि तेवढ्या वेळात वंश पुढे नेणे एवढेच काम त्याला असते. मादी पंख पसरून एका जागी बसते व गंध सोडते. नर आपल्या पिसासारख्या रुंद स्पर्शकांनी तो गंध टिपून येतो. अशा गंधद्रव्याचा रासायनिक शोध प्रथम लागला तो तुतीच्या रेशीमपतंगातच, १९५९ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांना, आणि त्यासाठी त्यांच्या गटाला सुमारे पाच लाख पतंग वापरावे लागले. खाण्याचे काम अळीकडे आणि उडण्याचे व वंशवृद्धीचे काम पतंगाकडे अशी ही श्रमविभागणी आहे. रूपांतरणाचा उपयोग काय या प्रश्नाचे उत्तर तिच्यात बरेचसे सापडते, कारण पालक आणि पिल्लू एकाच अन्नासाठी भांडत नाहीत.

दोनशे अंड्यांतून किती पतंग निघतात, हा प्रश्न गणिताच्या तासाला घेण्यासारखा आहे. मुंग्या, गांधीलमाश्या, खंडोबाचे किडे, रस शोषणारे ढेकूण आणि पक्षी हे सारे टसरच्या अळीवर टपलेले असतात, आणि म्हणून कोषशेती करणारी माणसे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत झाडांची राखण करतात. उझी माशीचे प्रकरण तर मुलांच्या कुतूहलाला विशेष खाद्य पुरवणारे आहे: ती अळीच्या अंगावर अंडी घालते, तिची पांढरी अळी टसरच्या अळीच्या शरीरात शिरून आतून खाते, पुढे बाहेर पडून मातीत कोशावस्थेत जाते आणि तिची माशी होते, म्हणजे एका रूपांतरणाच्या पोटात दुसरे रूपांतरण दडलेले असते. रानात एखाद्या जातीची संख्या पिढ्यानपिढ्या साधारण तेवढीच राहत असेल, तर एका जोडीच्या दोनशे अंड्यांपैकी सरासरी दोनच जीव प्रजननापर्यंत पोहोचत असले पाहिजेत. हे उत्तर मुलांना दुःख देईल या भीतीने ते टाळण्याचे कारण नाही, कारण ज्या घरात टसर आहे त्या घरातील मुलाला ते आधीच माहीत असते.

याच घरातील मूल शाळेत आले की त्याची पंचाईत होते ती भाषेच्या ठिकाणी. प्रमाण मराठीत ‘कोष’ किंवा ‘कोश’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अळी आणि प्रौढ यांच्यामधली जिवंत अवस्था म्हणजेही कोष, आणि अळीने स्वतःभोवती विणलेले रेशमी आवरण म्हणजेही कोषच. फुलपाखराच्या बाबतीत रेशमी आवरण नसतेच. पानाखाली लटकणारी टणक वस्तू ही त्या जीवाची स्वतःची त्वचा असते. पतंगाच्या बाबतीत आवरण आणि आतील जीव या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या, जगभर खपलेल्या खादाड सुरवंटाच्या चित्रपुस्तकातही फुलपाखराला पतंगासारखे विणलेले घर दिलेले आहे, तेव्हा हा गोंधळ केवळ मराठीचा नव्हे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मात्र ‘कोसा’ हा स्वतंत्र शब्द रुळलेला असून तो फक्त विणलेल्या आवरणाला लागतो. संस्कृतातील कोश आणि रेशमी वस्त्राला असलेला कौशेय हा शब्द यांच्याशी त्याचे नाते आहे, आणि कोष्टी या विणकर समाजाच्या नावाचा संबंधही त्याच्याशी जोडला जातो. कोसा म्हणजे घर आणि कोष म्हणजे त्यात राहणारा जीव, अशी फोड करून दिली तर पुस्तकाला न साधलेली स्पष्टता बोलीमुळे साधते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. त्या कलमाचा अर्थ पुस्तकाचे भाषांतर एवढाच घेतला तर असे शब्द हातातून निसटून जातात.

लहान मुलांना रूपांतरण समजते का, आणि कोणत्या वयात, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच शोध घेतला आहे. कार्ल रोझेनग्रेन, सुसान गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की प्राणी वाढताना मोठे होतात, लहान होत नाहीत, ही समज तीन वर्षांच्या मुलांतही असते. आकारच नव्हे तर रूपही पार बदलते, ही गोष्ट स्वीकारणे त्याहून अवघड असते. जपानमधील कायोको इनागाकी यांच्या १९९० च्या अभ्यासाचा निष्कर्ष शिक्षकांच्या अधिक कामाचा आहे. ज्या पाच वर्षांच्या मुलांनी घरी दीर्घकाळ सोनमासे पाळले होते, त्यांना माशांविषयी तर अधिक माहिती होतीच, पण कधीही न पाळलेल्या बेडकाविषयी विचारले असता ती माशाच्या अनुभवावरून तर्क करून उत्तरे देऊ शकत होती. एखाद्या प्राण्याची सलग काही आठवडे जबाबदारी घेणे हे दहा प्राण्यांची चित्रे पाहण्यापेक्षा श्रेष्ठ ठरते, असा याचा अर्थ. थर्मोकोलच्या तुकड्यावर साबुदाण्याची अंडी आणि मॅकरोनीची अळी चिकटवून आणण्याचा जो प्रकल्प आता गावोगावच्या शाळांत पोहोचला आहे, त्याने दुकानदाराखेरीज कोणाच्या ज्ञानात भर पडते हे सांगणे कठीण आहे.

अळी आणि पतंग हा एकच जीव आहे का, हा मुलांचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. अमेरिकेतील डग्लस ब्लॅकिस्टन, एलेना केसी आणि मार्था वाइस यांनी २००८ मध्ये तंबाखूवरील एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आणि सौम्य विजेचा झटका एकत्र देऊन तो वास टाळायला शिकवले, आणि शेवटच्या वयात शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यांतील बहुतेकांनी तो वास टाळला. शरीर विरघळून पुन्हा घडले तरी शिकलेले काही शिल्लक उरले. हा बदल घडवतो कोण, याचे उत्तर संप्रेरकांमध्ये आहे, म्हणजे शरीरात एका जागी तयार होऊन दुसऱ्या जागी परिणाम करणाऱ्या रासायनिक द्रव्यांमध्ये. कीटकाच्या रक्तात बाल्यसंप्रेरक आहे तोवर प्रत्येक कातीनंतर आणखी एक अळीच निघते. ते ओसरले की पुढची कात कोशाची असते. हे द्रव्य अमेरिकेतील कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये प्रथम वेगळे करून दाखवले, आणि ते ज्या पतंगातून मिळाले तो सेक्रोपिया पतंग टसरच्याच कुळातला आहे.

बेडकाचा पाठ टसरपेक्षा सोपा आहे, कारण येथे काहीही झाकलेले नसते. कोशाच्या आत काय चालले आहे हे दिसत नाही. बेडूकमाशाचे रूपांतरण काचेच्या बरणीत उघड्यावर चालते. कल्ल्यांनी श्वास घेणारा, शेवाळ खरवडून खाणारा, पोटाच्या पातळ कातडीतून लांबलचक गुंडाळी केलेले आतडे दाखवणारा हा जीव आधी मागचे आणि मग पुढचे पाय मिळवतो, आणि किडे खाणारा होणार असल्यामुळे त्याचे आतडे आखूड होत जाते. शेपूट गळून पडते असे मोठी माणसेही सांगतात. ती गळत नाही. शरीर ती आतल्या आत जिरवून टाकते आणि त्या काळात, तोंडाची रचना बदलत असल्याने खाणे बंद असताना, तिचाच शिधा वापरते. १९१२ मध्ये गुडेरनाच या संशोधकाने बेडूकमाशांना प्राण्यांची गळ्यातील थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते अकाली, माशीएवढ्या आकाराचे बेडूक होऊन बसले. दिघोरीच्या परिसरात जुन्या मालगुजारी तलावांचे आणि बोड्यांचे पाणी पावसाळाभर हाताशी असते. पाच-सहाच बेडूकमासे त्याच पाण्यासह आणावेत, नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, पाय फुटताच बाहेर चढायला दगड ठेवावा आणि ज्या पाण्यातून आणले तेथेच परत सोडावे. मोठ्या बेडकाचे, म्हणजे पावसाळ्यात ज्याचे नर पिवळेधमक होतात त्या जातीचे, बेडूकमासे एकमेकांना खातात हेही शिक्षकाला आधी ठाऊक असलेले बरे.

धान आणि डास यांचा पाठ शेतकरी व आरोग्यसेवक पूर्वीपासूनच शिकवत आलेले आहेत, फक्त त्याला जीवनक्रम हे नाव कोणी दिलेले नाही. खोडकिडीची मादी अंडी पानाच्या शेंड्याकडे घालते, म्हणून रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून टाकण्याची शिफारस असते. अळी एकदा खोडात शिरली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण, आणि मग शेवटी दाणा न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या उभ्या राहतात. डासाला अंड्यापासून प्रौढ होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळायचा असतो. सात दिवसच का, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणाऱ्या मुलाला जीवनक्रम कळला असे खुशाल समजावे.

आसपासच्या गोष्टींतून शिकवण्याची ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा, विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तेथे भर टकळीवर राहिला. भंडाऱ्याचे सूत टकळीच्याही आधी अळीच्या ओठांवर सुरू होते, आणि त्या अर्थाने टसर हा नई तालीमला सापडूनही न वापरला गेलेला उद्योग म्हणता येईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम केले त्यात गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच नेणारी कुरणशाळा होती, आणि शिंपले, बिया, पाने हीच तिची साधने होती. टसरची राखण करणारी कुटुंबे हंगामात झाडांजवळ मुक्काम करतात. त्या काळात त्यांच्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते, आणि त्याच आठवड्यांत ते मूल जे पाहते ते वर्गातील बाकीची मुले तक्त्यावर पाहत असतात. या विसंगतीवर उपाय म्हणून एखादा परिसर अभ्यासाचा तास ऐनाखाली घेणे फारसे अवघड नसावे.

तेथे एक कठीण प्रश्न येईलच. अखंड धागा हवा असेल तर कोशातला जीव आधी वाफेने किंवा उष्णतेने मारावा लागतो, कारण पतंग बाहेर पडताना कोशाचे एक टोक विरघळवणारा द्रव सोडून भोक पाडतो आणि तसा कोसा उकलून सलग धागा निघत नाही, फक्त कातून जाडेभरडे सूत काढता येते. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांनाच पतंग होऊ दिले जाते. त्यांतील माद्याही अंडी घातल्यावर कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात, कारण पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. ही तपासणी फ्रान्समध्ये १८६५ ते १८७० या काळात लुई पाश्चर यांनी रूढ केली. हे सारे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सांगावे की नाही याबाबत मतभेद होऊ शकतात. विचारले असता खरे सांगावे आणि न विचारता वर्णनात शिरू नये, हा मार्ग त्यातल्या त्यात योग्य दिसतो. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र टसरऐवजी रुईच्या झाडावरची पट्टेदार अळी किंवा कढीलिंबावरची, आधी पाखराच्या शिटेसारखी दिसणारी आणि मग हिरवी होणारी अळी घ्यावी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा तिचा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो आणि मुलांच्या धीराची मर्यादाही जवळपास तेवढीच असते.

शाळांना दिवाळीची सुट्टी लागेल त्या सुमारास पूर्व विदर्भातील ऐन-अर्जुनावर टसरच्या शेवटच्या पिकाच्या अळ्या पाने खात असतील. डिसेंबर-जानेवारीत त्या कोसा विणतील, आणि त्यांतले जे कोसे बियाण्यासाठी राखले जातील ते पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास उघडतील.